तृणाचा कैवार

गेल्या आषाढात आमच्या गावाजवळच्या टेकडीवर वृक्षारोपणाचा एक समारंभ घडून आला, आणि आमच्या पिकल्या केसांकडे पाहून चालकांनी त्याचे अध्यक्षपद आम्हांस दिले. प्रथेप्रमाणे भाषणे झाली. प्रथेप्रमाणे आमच्या हाती एक पुष्पगुच्छ आला. त्यात ग्लॅडिओलसचे पाच उंच गुलाबी दांडे होते. मग आम्ही एका रोपाच्या मुळाशी खोऱ्याने माती लोटली. खड्डे आदल्या दिवशीच खणून ठेविलेले होते. आमच्या वाट्यास आलेल्या खड्ड्याच्या काठी, उपसलेल्या मातीत, एक पांढुरका कंद कुदळीने दुभंगून पडला होता. त्याच्या एका टोकास बोटभर हिरवा कोंब होता. ‘‘हे काय हो?’’ असे आम्ही माळ्यास विचारिले. ‘‘काही नाही सर, तण आहे,’’ असे म्हणून त्याने तो पायाने बाजूस सारिला. टाळ्या वाजल्या, छायाचित्र निघाले, आणि मंडळी चहाकडे वळली.

कोंबाचा तो तुकडा आम्ही रुमालात बांधून घरी आणिला. आम्ही इतिहासाचे अध्यापक. वनस्पतिशास्त्रात आमची गती नाही. त्या विषयाच्या आमच्या सहकाऱ्यांनी मात्र कंदाचा नांगरासारखा आकार पाहताच सांगितले की, ही कळलावी होय. या आकारावरूनच संस्कृतात तिला लांगली म्हणतात, आणि कोकणात तिचेच फूल ‘गौरीचे हात’ म्हणून भाद्रपदात पूजेस लागते. म्हणजे ज्या फुलाला आपल्या घरात देवीचे हात म्हणतात, त्याचा कंद निसर्गसेवेच्या समारंभात तण ठरला. आणि त्याच वेळी आमच्या हाती जी फुले होती, तीही एका दूरच्या पर्वतावरील अशाच एका रानटी कंदाची नातवंडे होती. हा योगायोग आमच्या मनातून जाईना. त्या फुलाची वंशावळ आम्ही शोधिली, आणि त्या शोधाने आमच्या जुन्या एका श्रद्धेस धक्का दिला. तो धक्का आमच्या वाचकांसही बसावा, एवढ्यासाठीच हा लेख लिहीत आहो.

ग्लॅडिओलस या लॅटिन शब्दाचा अर्थ लहान तलवार. पाने पात्यासारखी असतात म्हणून हे नाव. या कुळीच्या अडीचशेहून अधिक जाती आहेत, आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक दक्षिण आफ्रिकेतल्या आहेत. आपल्या फुलबाजारात गड्ड्यांनी विकला जाणारा ग्लॅडिओलस मात्र कोणत्याही रानात सापडावयाचा नाही. तो माणसाने घडविलेला आहे. इ. स. १८३७ च्या सुमारास बेल्जममध्ये आरेनबर्गच्या ड्यूकच्या बागेत बेडिंगहाउस नावाच्या माळ्याने आफ्रिकेतून आलेल्या दोन जातींचा संकर केला. १८४१ मध्ये घेंट येथील व्हान हौट यांनी ती नवी वाण विक्रीस आणिली. पुढे फ्रान्स, जर्मनी, इंग्लंड, अमेरिका येथील माळ्यांनी तीत आणखी रक्ते मिसळली. विसाव्या शतकाच्या आरंभी व्हिक्टोरिया धबधब्यावरील पुलाच्या कामातील अभियंते फ्रान्सिस फॉक्स यांनी तेथल्या तुषारांत वाढणारे एक पिवळे फूल इंग्लंडात पाठविले. त्याचाही त्यात अंश आहे. परंतु या सर्व घराण्याची मूळ आई म्हणून जिचे नाव घ्यावे अशी जात एकच, ग्लॅडिओलस डॅलेनी. धबधब्याजवळचे ते पिवळे फूलही आता शास्त्रज्ञ याच जातीत मोजतात.

डॅलेनी हे नाव रॉटरडॅमच्या वनस्पति-उद्यानाचे संचालक कॉर्नेलियस डॅलेन यांच्यावरून पडले. जिच्या देशी ती वाढते तेथे तिला अर्थातच आधीपासून नावे होती. झुलू लोक तिला इसिद्वी म्हणतात. सोथो लोकांत ती खाहला-ए-खोलो आहे. तिचा विस्तार आफ्रिकेत फार मोठा, परंतु तिचे एक खरे माहेर म्हणजे ड्राकेन्सबर्ग पर्वताच्या उतारांवरील गवत. गांधीजींच्या चरित्रामुळे नाताळ प्रांताचे नाव मराठी वाचकास परके नाही. त्या प्रांताच्या पश्चिमेस, लेसोथोच्या सीमेवर, हा पर्वत तटासारखा उभा आहे. गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्याला अजगराचे नाव दिले. झुलू भाषेत तो उखाहलांबा, भाल्यांची भिंत. त्या रांगेतील लेसोथोतले शिखर ३,४८२ मीटर उंच आहे. कड्यांच्या कपारींत सान लोकांनी काढिलेली चित्रे आहेत, आणि २००० साली या प्रदेशाची गणना जागतिक वारशात झाली. आम्ही तो पर्वत प्रत्यक्ष पाहिलेला नाही, आणि पाहिल्याचा आवही आणीत नाही. परंतु तेथील गवताचे वर्षचक्र समजल्यावाचून आमचा वाद समजावयाचा नाही.

तिकडे आपल्या उलट ऋतू. आपला ज्येष्ठ-आषाढ तो त्यांचा हिवाळा. पाऊस नाही, रात्री दहिवर गोठते, आणि सारा डोंगर वाळक्या गवताने पिवळा पडतो. मग विजेने म्हणा, माणसाच्या हाताने म्हणा, त्यास आग लागते. उतारच्या उतार काळे होतात. नवख्याने पाहिले तर त्यास वाटावे की येथे सर्वनाश झाला. परंतु डॅलेनीचा कंद तंतुमय आवरणे पांघरून जमिनीखाली निजलेला असतो. आग वरून निघून जाते. पहिला पाऊस पडला की काळ्या राखेतून गवताची आणि शेकडो रानफुलांची पाती वर येतात, आणि उन्हाळ्याच्या भरात कमरेइतका, कधी पुरुषभर उंच दांडा शेंदरी-पिवळ्या फुलांनी भरतो. फुलाची वरची पाकळी टोपडीसारखी पुढे वाकलेली असते. मध पिण्यास येणाऱ्या शिंजिराच्या डोक्यास पराग लागावा अशीच ती रचना आहे. गवताळ रान म्हणजे नुसते गवत नव्हे. त्यात गवताच्या जाती थोड्या, आणि असल्या कंदांच्या, मुळ्यांच्या, गाठींच्या फुलझाडांच्या जाती पुष्कळ अधिक. त्या सर्वांचे आयुष्य जमिनीखाली चाललेले असते. वर दिसते ते चार महिन्यांचे. त्या सर्वांस एक गोष्ट मारक आहे. ती आग नव्हे, दहिवर नव्हे, चरणारे पशूही नव्हेत. ती म्हणजे सावली.

आणि सावली हीच आमच्या काळाने पुण्याची व्याख्या ठरविली आहे. येथे आमच्या वादास आरंभ होतो.

नाताळात १८६४ साली जॉन व्हांडरप्लांक नावाच्या वसाहतवाल्याने ऑस्ट्रेलियातून वॅटल नावाच्या बाभळीचे बी आणिले. पुढे तिच्या सालीस कातडी कमाविण्याच्या धंद्यात भाव आला, सोन्याच्या खाणींस आधाराची लाकडे पाहिजे झाली, कागदाच्या गिरण्या निघाल्या; आणि पूर्वेकडच्या डोंगरउतारांवर वॅटल, निलगिरी आणि पाइन यांच्या रांगा उभ्या राहिल्या. आज त्या देशात असल्या लागवडीचे क्षेत्र सुमारे १२ लाख हेक्टर आहे. व्यापाऱ्याने नफ्यासाठी झाडे लाविली, याबद्दल आमची तक्रार नाही. त्या देशात नैसर्गिक अरण्य एकंदर भूमीच्या शेकडा एकाहूनही कमी. लाकूड कोठून तरी यावयासच पाहिजे होते, आणि लागवड नसती तर तेवढे अरण्यही कुऱ्हाडीखाली गेले असते. आमची तक्रार ही की, या पिकास लोक वन म्हणू लागले, आणि ज्या गवतास त्याने गाडले त्यास ओसाड रान म्हणू लागले. ऊस लावणारा शेतकरी आपण निसर्गाची सेवा करीत आहो असे म्हणत नाही. मग निलगिरी लावणाऱ्याने ते का म्हणावे?

यावर वृक्षपक्षाचा पहिला आक्षेप असा की, हे गवत मुळी नैसर्गिकच नाही. पूर्वी येथे अरण्य होते, माणसाने ते तोडिले व जाळिले, म्हणून गवत उरले. हा आक्षेप अडाण्यांचा नाही. जॉन अ‍ॅकॉक्स यांच्यासारख्या मान्यवर वनस्पतिशास्त्रज्ञाने १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पूर्वेकडील गवताच्या मोठ्या भागाविषयी असेच मत मांडिले होते, आणि दीर्घ काळ ते प्रमाण मानिले गेले. परंतु दलदलींच्या थरांत साठलेले जुने पराग तपासण्यात आले, तेव्हा गवत हे तेथे माणसाच्या शेतीहून हजारो वर्षे जुने ठरले. दुसरा पुरावा तर डॅलेनीच स्वतः आहे. आगीत तगणारा कंद, उन्हावाचून न उमलणारे फूल, मोकळ्या रानात पाखरास दुरून दिसावा असा दांडा. ही शरीररचना दोनचार शतकांच्या जंगलतोडीने निर्माण होत नाही. आम्हां इतिहासवाल्यांस कागद खोटा आहे की खरा हे पारखावे लागते. कंद हा बनावट दस्तऐवज नव्हे. ज्या माळावर असे कंद आहेत, तो माळ प्राचीन आहे अशी त्याची साक्ष आहे.

दुसरा आक्षेप पाण्याचा. झाडे लावा, पाऊस येईल, ओढे वाहतील, हे वाक्य आम्ही शाळेत घोकले आणि वर्गात शिकविलेही. दक्षिण आफ्रिकेने ते वाक्य मोजून पाहिले. ड्राकेन्सबर्गमधील कॅथीड्रल पीक येथे आणि इतरत्र ओढ्यांवर मापे बसवून दशकेच्या दशके नोंदी ठेवण्यात आल्या. मोकोबुलान नावाच्या ठिकाणी गवताळ पाणलोटांत एकावर निलगिरी व एकावर पाइन लाविला. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा हिशेब असा : निलगिरीखालच्या ओढ्याचे पाणी तिसऱ्या वर्षीच घटले, आणि नवव्या वर्षी तो साफ आटला. पाइनखालचा ओढा बाराव्या वर्षी आटला. निलगिरी सोळा वर्षांची झाल्यावर तोडली. तरी ओढा पूर्ववत बारमाही वाहू लागण्यास आणखी पाच वर्षे लागली. कारण गूढ नाही. गवत हिवाळ्यात वाळते आणि पाणी पिणे थांबविते. सदाहरित झाड बारा महिने पिते, आणि खोल मुळांनी पिते. त्या देशाने यावरून कायदे केले. १९७२ पासून नव्या लागवडीस परवाना लागू लागला. १९९८ च्या जलकायद्याने अशा लागवडीस ओढ्याचे पाणी कमी करणारा उद्योग असे उघड नाव दिले. १९९५ पासून तर परकी झाडे तोडून ओढे मोकळे करण्याचे काम सरकारी खर्चाने चालू आहे, आणि त्यावर हजारो गरिबांस मजुरी मिळते. झाड तोडणे ही जलसेवा होऊ शकते, हे वाक्य आमच्या सभेत उच्चारिले असते तर अध्यक्षास खाली बसविण्यात आले असते.

तिसरा आक्षेप आजचा आहे आणि सर्वांत वजनदार आहे. पृथ्वी तापत आहे; झाडे कर्ब शोषून घेतात; अशा संकटात फुलांचे लाड करावयास वेळ कोणास आहे? २०१९ साली एका नामांकित शास्त्रीय नियतकालिकात लेख आला की, जगात आणखी ९० कोटी हेक्टरांवर झाडांची छाया आणिता येईल, आणि त्यायोगे २०५ अब्ज टन कर्ब साठविता येईल. तो आकडा जगभर दुमदुमला. त्याच वर्षी त्याच नियतकालिकात अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी मिळून त्याचे खंडन केले आणि तो अंदाज सुमारे पाचपट फुगविलेला आहे असे दाखविले. ज्या भूमीवर झाडे लावावयाची तीत जुनी गवताळ रानेही धरिली होती, आणि त्या रानांच्या मातीत आधीच साठलेला कर्ब हिशेबात नीट घेतला नव्हता. गवत आपली संपत्ती जमिनीखाली ठेविते. आग लागली तरी ती जळत नाही. पाइनचे रान पेटले की खोडात साठविलेला कर्ब पुन्हा आकाशात जातो. दक्षिण आफ्रिकेतील विल्यम बाँड या शास्त्रज्ञांनी मोकळ्या रानांचा हा पक्ष आयुष्यभर मांडिला आहे. २०१९ मध्ये त्यांचा या विषयावरील ग्रंथही निघाला. आणि झाडांनी पूर्ण फळ दिले असे घटकाभर मानिले, तरी कोळसा व तेल जाळणे चालू ठेवून त्याचे प्रायश्चित्त दुसऱ्याच्या माळावर घ्यावे, हा कोणता न्याय? पाप शहराने करावे आणि सुतक गवताने पाळावे, असा हा प्रकार आहे.

चौथा आक्षेप थोडा कुत्सित आहे. ही डॅलेनी काही दुर्मिळ नव्हे. अर्ध्या आफ्रिकेत ती आहे, आणि तिची संतती तर प्रत्येक विवाहमंडपात आहे. मग एवढा शोक कशासाठी? आम्ही हे सर्व कबूल करितो. डॅलेनी आज नष्ट होत नाही. परंतु साधारण वस्तूच आधी बेफिकिरीने गमाविल्या जातात. दुर्मिळ वस्तूस निदान पहारेकरी तरी मिळतो. डॅलेनीच्या शेजारी त्याच गवतात ज्या लहान जाती राहतात, ज्यांचा विस्तार दोनचार डोंगरांपुरता आहे, त्यांचे भवितव्य डॅलेनीच्या गवताशीच बांधलेले आहे. मंडपातील संततीविषयी म्हणाल, तर ती ज्यांच्यापासून निपजली ते कंद मूठभर. रानात मात्र या जातीचे रंग, उंची, ऋतू ठिकठिकाणी निरनिराळे आहेत. ती पेढी अजून उघडलेली आहे. पेढी मोडून तिच्या एका दागिन्यावर समाधान मानणे शहाणपणाचे नव्हे. शिवाय फुलदाणीतल्या दांड्यावर शिंजीर येत नाही.

या सर्वांत क्लेशदायक गोष्ट अशी की, चूक ध्यानी आल्यावर ती दुरुस्त होत नाही. तिकडे काही ठिकाणी पाइनची लागवड तोडून जमीन मोकळी केली गेली. गवत परतले. वरून पाहणाऱ्यास माळ पुन्हा हिरवा दिसू लागला. परंतु कंदांची आणि गाठींची फुलझाडे बहुतांशी परतली नाहीत. काही वर्षांची सावली त्यांस पुरली. तोडलेले अरण्य सोडून दिले तर पुष्कळदा पुन्हा उगवते. झाकलेले जुने गवत तितक्या सहजी पुन्हा होत नाही. म्हणून आम्ही म्हणतो की, या विषयात घाई हाच मोठा अपराध आहे.

आता घरी येऊ. सह्याद्रीत रानटी ग्लॅडिओलस नाही. परंतु ज्या भ्रमाने ड्राकेन्सबर्गचे उतार झाकले, तो भ्रम येथेही नांदतो, आणि त्याची साधनेही तीच आहेत. नाताळात पसरलेली तीच वॅटल बाभूळ निलगिरी पर्वतावर लाविली गेली, आणि तेथील शोला अरण्यांभोवतीची प्राचीन कुरणे तिने गिळली. आपल्या राज्यात २०१७ ते २०१९ या तीन वर्षांत ४ कोटी, १३ कोटी आणि ३३ कोटी मिळून ५० कोटी झाडांचा संकल्प सोडला गेला. एवढी झाडे कोठे लावावयाची? शेतात जागा नाही, शहरात जागा नाही. मग उरतो माळ. सरकारी दप्तरात माळास जागा आहे ती पडीक म्हणून. इंग्रजी अमदानीत ज्या भूमीचा सारा येत नसे तिला निरुपयोगी म्हणण्याची पद्धत पडली. सारा गेला, शब्द राहिला. खुद्द आपली भाषा या कटात सामील आहे. जे क्षुद्र ते आपण तृणवत् लेखितो. झाडे नसली की माळ उजाड, ओसाड, बोडका. त्या बोडक्या माळावर लांडगा, चिंकारा, माळढोक राहतात, धनगराची मेंढरे चरतात, पहिल्या पावसानंतर फोडशीची भाजी निघते आणि श्रावणात कंदीलपुष्पे डोलतात. यांपैकी एकाचीही गणना आपण ओसाडीत करीत नाही, कारण आपण तेथे पावसाळ्यात जातच नाही. जातो ते उन्हाळ्यात, मोटारीच्या काचेतून.

येथे आम्हांस एक कबुली देणे प्राप्त आहे. तरुण अध्यापक असताना राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे आम्ही अनेक वर्षे चालविली, आणि प्रत्येक शिबिरात टेकड्यांवर ग्लिरिसिडियाची रोपे व फांट्या लाविल्या. गिरिपुष्प असे त्यास गोड नावही आम्ही दिले. मध्य अमेरिकेतले ते झाड; गुरे त्यास सहसा तोंड लावीत नाहीत, पाण्यावाचून ते तगते, आणि अहवालात जगलेल्या रोपांची टक्केवारी उत्तम दिसते. आज त्या टेकड्या दुरून हिरव्या आहेत. त्या झाडांखाली वाकून पाहिले तेव्हा आम्हांस वाळका पाला दिसला, आणि गवताची काडी क्वचित दिसली. तेथे पूर्वी काय होते, हे आम्ही सांगू शकत नाही. कारण खड्डा खणण्यापूर्वी आम्ही कधी पाहिलेच नाही. ज्या विद्यार्थ्यांस आम्ही साधनांवाचून विधान करू नये असे शिकवीत होतो, त्यांच्याच हाती कुदळ देऊन आम्ही साधनेच नष्ट करविली. हे लिहिताना आम्हांस लाज वाटते. आमच्या शेकडो विद्यार्थ्यांनी ते काम निर्मळ मनाने केले. त्यांच्या घामाचा आम्ही उपहास करीत नाही. दोष त्यांचा नव्हे, शिकविणाराचा आहे.

आमच्यावर वृक्षद्वेषाचा आरोप येईल. तो आम्हांस मान्य नाही. जेथे अरण्य होते आणि तुटले, तेथे त्याच अरण्याची झाडे यावीत, देवराया राखाव्यात, रस्त्याकडेस वड-पिंपळ असावेत, बांधावर आंबा असावा, अंगणात प्राजक्त असावा. आगीचेही आम्ही स्तोत्र गात नाही. ड्राकेन्सबर्गमध्ये राखणदार लोक ऋतू, वारा, अंतर पाहून गवत पेटवितात. आपल्या डोंगरांवर कोणी बिडी टाकून लाविलेला वणवा हा त्याचा भाऊ नव्हे. आमचे म्हणणे इतकेच की, झाड चांगले म्हणून ते सर्वत्र चांगले, हा तर्क मीठ चांगले म्हणून दुधात घालण्यासारखा आहे. तुकोबांनी आपल्या सोयऱ्यांत वृक्ष मोजले हे प्रत्येक वृक्षारोपणाच्या सभेत सांगतात. त्यांनी वेली आणि रानातली जनावरेही त्याच नात्यात मोजली हे वक्ते सांगत नाहीत. आणि ज्या समाजात गणपतीला दूर्वा वाहिल्यावाचून पूजा पुरी होत नाही, त्याने गवतास तण म्हणावे हे आम्हांस समजत नाही.

यंदा त्याच चालकांचे आमंत्रण पुन्हा आले आहे. आम्ही उत्तर धाडिले की, अध्यक्षपद नको, परंतु काम करावयास येऊ. या वर्षी खड्डे खणू नयेत. ज्येष्ठापासून कार्तिकापर्यंत दर पंधरवड्यास टेकडीवर जावे, वनस्पतिशास्त्राचे सहकारी आणि त्या भागात मेंढरे चारणारे एखादे वृद्ध धनगर बरोबर घ्यावे, आणि काय उगवते त्याची वही ठेवावी. वहीत नुसते दगड आणि घाणेरीच भरली, तर पुढील वर्षी आम्ही स्वतः कुदळ धरू. कंद सापडले, तर ती टेकडी जशी आहे तशी सोडावी, आणि रोपे तिच्या पायथ्याशी, रस्त्याच्या कडेस, शाळेच्या आवारात लावावीत. छायाचित्र त्यातही निघेलच. अजून उत्तर आलेले नाही.

रुमालातून आणिलेला कळलावीचा तो तुकडा आम्ही अंगणातील कुंडीत पुरला होता. कंद विषारी, म्हणून कुंडी नातवंडांच्या हातापासून दूर ठेविली. गेल्या भाद्रपदात त्यास फूल आले नाही. वेल हातभर वाढली आणि सुकून गेली. घरातील मंडळींनी दोनदा ती कुंडी रिकामी समजून तीत तुळस लावावयास घेतली होती. मृगाचा पाऊस झाल्यावर परवा तीत पुन्हा कोंब दिसला.